बँडिकूट: नाव तेलुगू, गाव ऑस्ट्रेलिया (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

‘बँडिकूट’ हा शब्द आपल्यापर्यंत बहुधा दोन वाटांनी येतो. एक म्हणजे प्लेस्टेशनवर उड्या मारणारा नारिंगी क्रॅश, आणि दुसरी म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्रातली घुशींच्या उपद्रवाची बातमी. यातला घुशीचा अर्थ आपल्या सवयीचा आहे. पण ज्या ऑस्ट्रेलियन प्राण्याने हे नाव जगभर पोचवलं, त्याच्याविषयी मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. ऑस्ट्रेलियात राहायला गेलेल्या नातेवाइकांकडून आणि शाळकरी मुलांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

बँडिकूट म्हणजे आपली घूसच ना?

भारतात कोणी इंग्रजीत ‘बँडिकूट’ म्हणालं तर हो, घूसच. ऑस्ट्रेलियात म्हणालं तर अजिबात नाही.

घूस ही उंदराच्या कुळातली. पुढे पटाशीचे दोन वर, दोन खाली असे आयुष्यभर वाढणारे दात, आणि त्या दातांनी कुरतडणं हा तिचा धर्म. ऑस्ट्रेलियातला बँडिकूट शिशुधान प्राण्यांपैकी, म्हणजे पोटाला पिशवी असलेल्या कांगारू-कोआलाच्या गोतातला. त्याच्या तोंडात कुरतडायचे दातच नाहीत, बारीक टोकदार दातांच्या रांगा आहेत. तो किडे, अळ्या, गांडुळं, कंद आणि जमिनीखालची बुरशी खातो. नाक लांब आणि निमुळतं, पाठ थोडी वाकलेली, मागचे पाय पुढच्यांपेक्षा दणकट, शेपूट आखूड.

नात्याचं म्हणाल, तर घूस बँडिकूटपेक्षा माणसाला जास्त जवळची आहे. आपण आणि घूस दोघेही गर्भ पोटात पूर्ण वाढवणारे सस्तन प्राणी. शिशुधान प्राण्यांची शाखा आपल्या दोघांपासून डायनोसॉरच्या काळातच वेगळी झाली.

मग दोघांना एकच नाव कसं पडलं?

नाव मुळात घुशीचं. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात. ‘पंदि’ म्हणजे डुक्कर, ‘कोक्कु’ म्हणजे मोठा उंदीर. देगलूर किंवा सिरोंच्याकडच्या वाचकांच्या कानावरून हा शब्द गेला असेल. मोठी घूस कोंडीत सापडली की अंगावरचे राठ केस उभे करून डुकरासारखी गुरगुरते, जमीनही तशीच उकरते. ज्याने हे नाव ठेवलं त्याने ती जवळून पाहिली होती यात शंका नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मद्रास आणि आंध्रच्या किनाऱ्यावर वावरलेल्या इंग्रजांनी पंदिकोक्कुचं ‘बँडिकूट’ केलं. पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी घुशींच्या प्रजातीला ‘बँडिकोटा’ हे लॅटिन नाव दिलं, ते आजही चालतं. आपल्या मोठ्या घुशीचं शास्त्रीय नाव ‘बँडिकोटा इंडिका’ आहे.

महाराष्ट्राचा या नावाशी काही संबंध आहे का?

नावाशी थेट नाही. नावामागच्या प्राण्याशी मात्र आहे, आणि तो फार जुना आहे. चौदाव्या शतकात भारतात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारकोठड्यांविषयी सांगतो. मोठे गुन्हे करणाऱ्यांना तिथे डांबत. त्या कोठड्यांत मांजरापेक्षा मोठे उंदीर होते, मांजरंच त्यांना भिऊन पळत, आणि त्यांना धरायचं तर युक्तीच लढवावी लागे. हे उंदीर आपण स्वतः पाहिले आणि थक्क झालो, असं तो म्हणतो. १८८६ साली निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने हा उतारा ‘बँडिकूट’ याच शब्दाखाली दिला आहे. म्हणजे ज्या जनावराच्या नावाने ऑस्ट्रेलियातला प्राणी ओळखला जातो, त्याच्या सर्वांत जुन्या लेखी वर्णनांपैकी एक आपल्या देवगिरीचं आहे.

हा शब्द ऑस्ट्रेलियात कोणी नेला?

सिडनीची वसाहत १७८८ साली सुरू झाली आणि काही वर्षांतच तिचा कलकत्त्याशी व्यापार जमला. धान्य, कापड, दारू घेऊन बंगालहून जहाजं सिडनीला जाऊ लागली. त्यांवरच्या अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची इंग्रजी भारतातल्या शब्दांनी भरलेली होती.

यातलंच एक जहाज म्हणजे ‘सिडनी कोव्ह’. कलकत्त्याहून निघालेलं हे जहाज फेब्रुवारी १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेला एका बेटापाशी फुटलं. मदत आणायला सतरा जण होडीने मुख्य भूमीकडे निघाले. त्यांत बहुतेक भारतीय ‘लास्कर’, म्हणजे खलाशी होते. ती होडीही फुटली, आणि ते किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो किलोमीटर चालत सिडनीच्या दिशेने गेले. अखेर तिघेच वाचले. टास्मानिया हे वेगळं बेट असावं हा संशय या घटनेनंतर बळावला. त्याचा छडा लावायला जॉर्ज बास आणि मॅथ्यू फ्लिंडर्स हे इंग्रज दर्यावर्दी १७९८-९९ मध्ये त्या बेटाला वळसा घालून आले. याच सफरीतल्या बासच्या टिपणांत ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याला उद्देशून ‘बँडिकूट’ हा शब्द येतो. स्थानिक लोकांनी सोडून दिलेल्या चुलींभोवती लहान प्राण्यांची हाडं पडलेली होती, त्यांत बँडिकूटची हाडं होती, असं तो लिहितो.

या वाक्याजवळ मी नेहमी थांबतो. नाव देणाऱ्याने पाहिली ती कोणाच्या तरी जेवणानंतर उरलेली हाडं. म्हणजे हा प्राणी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, त्यांच्या चुलीशेजारीच त्याला परक्या देशाच्या उंदराचं नाव मिळालं.

तिथल्या लोकांनी त्याला नाव ठेवलेलं नव्हतं का?

एक नाही, अनेक. युरोपीय लोक आले तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या, आणि प्रत्येक प्रदेशात बँडिकूटच्या वेगळ्या जाती होत्या. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातले नूंगार लोक जंगल-झुडपातल्या तपकिरी बँडिकूटला ‘क्वेंडा’ म्हणत, आणि पाठीवर पट्टे असलेल्या लहान जातीला ‘मार्ल’. सशासारखे लांब कान असलेल्या वाळवंटी भाईबंदाला उत्तर न्यू साउथ वेल्सच्या युवालराय भाषेत ‘बिल्बी’ म्हणतात. त्याच बिल्बीला नूंगार भाषेत ‘डालगाइट’, ॲडलेडच्या गौर्ना लोकांत ‘पिंकू’, आणि मधल्या वाळवंटातल्या पित्यंत्यात्यरा भाषेत ‘निनू’.

ही नावं इतकी वर्षं नुसत्या शब्दसंग्रहांच्या वह्यांत पडून होती. आता ती परत येत आहेत. पर्थमध्ये सरकारी पाट्यांवर आणि शाळांमध्ये ‘क्वेंडा’ हेच रुळलेलं आहे, तिथे ‘दक्षिणी तपकिरी बँडिकूट’ असं लांबलचक कोणी म्हणत नाही. ‘बिल्बी’ तर देशभर झाला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ‘बँडिकूट’ या एका शब्दाखाली वीसेक जाती ढकलल्या गेल्या आणि त्या नावाबरोबर उंदराचा वास चिकटला. उंदीर म्हटलं की माणूस काठी शोधतो. ‘क्वेंडा’ म्हटलं की विचारतो, हा कोण?

शास्त्रीय नावांचं काय? ती तरी बरोबर आहेत का?

काही नेमकी आहेत, काही चुकून पडलेली.

लांब नाकाच्या बँडिकूटच्या प्रजातीला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच शास्त्रज्ञ जॉफ्रवा सां-हिलेर याने ‘पेरामेलेस’ नाव दिलं. अर्थ, पिशवीवाला बिज्जू. म्हणजे इंग्रजाला घूस दिसली आणि फ्रेंचाला बिज्जू. दक्षिणी तपकिरी बँडिकूटचं जातिनाम ‘ओबेसुलस’, म्हणजे गुबगुबीत, हे १७९७ सालचं, आणि प्राणी खरंच तसा आहे. पट्टेवाल्या पूर्वेकडच्या जातीचं ‘गनाय’ हे नाव टास्मानियातले वनस्पतिशास्त्रज्ञ रोनाल्ड गन यांच्यावरून.

सर्वांत चटका लावणारी गोष्ट मात्र डुक्करपायी बँडिकूटची. हा दोनशे ग्रॅमच्या आसपासचा नाजूक प्राणी. पुढच्या पायांवर दोनच बोटं, अगदी डुकराच्या खुरांसारखी, आणि मागच्या पायाचं एकच बोट जमिनीला टेकायचं. १८३६ साली सर्वेक्षक थॉमस मिचेल यांच्या मोहिमेला मरे नदीच्या खोऱ्यात जो नमुना मिळाला त्याची शेपूट तुटलेली होती. दोन वर्षांनी विल्यम ओगिल्बी याने त्याचं नामकरण केलं ते ‘कायरोपस इकॉडेटस’, म्हणजे डुकराच्या पायाचा, बिनशेपटीचा. प्रत्यक्षात त्याला चांगली लांब, टोकाला केसांचा तुरा असलेली शेपूट होती. पण प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे पहिलं नाव तेच खरं, त्यामुळे आजही तो पुस्तकात बिनशेपटीचाच आहे.

या चुकीचं पुढे काय झालं पाहा. १८५७ च्या सुमारास गेरार्ड क्रेफ्ट हा निसर्गतज्ज्ञ मरे नदीकाठी या प्राण्याच्या शोधात होता. त्याने तिथल्या लोकांना बिनशेपटीचं चित्र दाखवलं आणि असा प्राणी आणून द्या म्हणाला. लोकांनी साधे बँडिकूट पकडले, त्यांच्या शेपट्या पिळून काढल्या आणि चित्राबरहुकूम हजर केले. नंतर त्याला खरे डुक्करपायी मिळाले. त्याने ते काही काळ जिवंत ठेवले, त्यांच्या सवयी लिहून ठेवल्या. त्यांपैकी काही भुकेपोटी आपण खाल्ले, हेही त्याने लिहून ठेवलं आहे. जिवंत डुक्करपायीविषयी युरोपीय माणसाने केलेल्या मोजक्या चांगल्या नोंदी याच.

शेवटचा नमुना १९०१ साली मिळाला. पण वाळवंटातल्या आदिवासी ज्येष्ठांच्या आठवणींत हा प्राणी १९५० च्या दशकापर्यंत आहे. २०१९ मध्ये संग्रहालयांतली हाडं आणि डीएनए तपासल्यावर कळलं की डुक्करपायीच्या जाती दोन होत्या. दुसऱ्या जातीचं नाव ठेवताना शास्त्रज्ञांनी लॅटिन शब्द शोधला नाही, वाळवंटी भाषांतला ‘यिराट्जी’ घेतला. नाव मिळालं तेव्हा प्राणी जगात नव्हता.

बँडिकूटचं मूळ कुळ कुठलं?

शिशुधान प्राण्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेकडून अंटार्क्टिका ओलांडून ऑस्ट्रेलियात आले. तेव्हा हे तिन्ही भूखंड एकमेकांना जोडलेले होते आणि अंटार्क्टिकावर जंगलं होती. क्वीन्सलंडमधल्या मर्गनजवळ सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे शिशुधान प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. नंतर ऑस्ट्रेलिया सुटा होऊन उत्तरेकडे सरकला आणि हे प्राणी तिथे एकटेच वाढले.

त्यांत बँडिकूटची शाखा नेमकी कुठे बसवायची, यावर शास्त्रज्ञांनी दीडशे वर्षं डोकं खपवलं. दात पाहावेत तर मांसाहारी शिशुधानांसारखे, अनेक आणि टोकदार. मागचा पाय पाहावा तर कांगारूसारखा, दुसरं आणि तिसरं बोट एकाच कातडीत जोडलेलं, वर दोन नखं. या जोडबोटाने तो अंगावरचे केस विंचरतो. दात एका घराण्याचे आणि पाय दुसऱ्या घराण्याचे असल्याने त्याचा स्वतंत्र गणच मानतात. त्यात बँडिकूट आणि बिल्बी दोन्ही येतात. न्यू गिनीच्या जंगलांतही त्याच्या बऱ्याच जाती आहेत.

क्रॅश बँडिकूट हा खरा प्राणी आहे का?

१९९६ साली आलेल्या त्या खेळातला क्रॅश पूर्वेकडच्या पट्टेदार बँडिकूटवर बेतला आहे असं म्हणतात. सुरुवातीला त्याच्या निर्मात्यांच्या डोक्यात वाँबॅट हा दुसराच ऑस्ट्रेलियन शिशुधान प्राणी होता. रंगाने, उंचीने आणि हातमोज्यांनी तो खऱ्या प्राण्यापासून कोसो दूर आहे.

पण पुढची गोष्ट मुलांना जरूर सांगा. क्वीन्सलंडमधल्या रिव्हर्स्ली इथे दीड कोटी वर्षांच्या आसपासच्या खडकांत एका बँडिकूटचा जीवाश्म सापडला, आजच्या बँडिकूटच्या कुळातला सर्वांत जुन्यांपैकी एक. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं अधिकृत नाव ठेवलं, ‘क्रॅश बँडिकूट’. प्रजाती क्रॅश, जात बँडिकूट. तेलुगू गावातला पंदिकोक्कु असा अखेर ऑस्ट्रेलियाच्या दगडातल्या प्राण्याचं शास्त्रीय नाव झाला.

याची पिशवी कांगारूसारखीच असते का?

नाही, उलटी असते. कांगारूच्या पिशवीचं तोंड वर, बँडिकूटच्या पिशवीचं मागे. जमीन उकरताना माती पिशवीत जात नाही.

त्याचा जन्म तर विलक्षण आहे. लांब नाकाच्या बँडिकूटचा गर्भकाळ साडेबारा दिवसांचा, सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी काळापैकी एक. पिल्लू पाव ग्रॅमपेक्षाही हलकं, डोळे मिटलेले, मागचे पाय धड तयार नसलेले. ते आईच्या पोटावरून सरपटत पिशवीकडे जातं तेव्हा त्याची नाळ अजून आत जोडलेलीच असते, आणि ती लांब नाळ त्याच्यामागे ताणत जाते. स्तन सापडून तोंडात घट्ट बसेपर्यंत ती सुटत नाही. आईला आठ स्तन असतात, पण एका वेळी पिल्लं साधारण दोन ते चार. आधीची वेत दूध सोडते न सोडते तोच दुसरी तयार, तीही न वापरलेल्या स्तनांवर. इतक्या झपाट्याने वाढणारे प्राणी नाहीसे व्हावेत, यावरून त्यांच्यावर काय प्रसंग ओढवला याची कल्पना यावी.

मग ते नाहीसे का झाले?

कोल्हे आणि मांजरं. युरोपीय लोकांनी शिकारीच्या हौसेपायी लाल कोल्हा ऑस्ट्रेलियात सोडला, घरची मांजरं रानात गेली, सशांनी गवत संपवलं, मेंढ्यांनी उरलंसुरलं झोडपलं. आदिवासी लोक ठरावीक काळाने रानाचे छोटे तुकडे जाळत, ती पद्धतही मोडली. वाळवंटातल्या जाती सर्वांत आधी गेल्या. डुक्करपायी गेले, लहान बिल्बी गेला. ‘मार्ल’ पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे या उपसागरातल्या बर्नियर आणि डॉर या बेटांवर तेवढा राहिला, कारण तिथे कोल्हा पोचला नाही.

एक गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. पूर्वेकडचा पट्टेदार बँडिकूट व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडच्या गवताळ पठारावर सर्वत्र होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो हॅमिल्टन गावाच्या आसपास, भंगार गाड्या आणि कचऱ्याच्या आडोशाला, दीडशेच्या घरात उरला. काही जोड्या पकडून प्राणिसंग्रहालयात वाढवल्या. कुंपण घातलेल्या राखीव जागांत सोडल्या. मग चर्चिल, फिलिप आणि फ्रेंच या कोल्हे नसलेल्या बेटांवर नेल्या. काही ठिकाणी मेंढ्यांबरोबर त्यांचीही राखण करायला मरेमा जातीचे धनगरी कुत्रे ठेवले. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हिक्टोरिया राज्याने त्याचा दर्जा ‘रानातून नामशेष’ वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलला. ऑस्ट्रेलियात असं प्रथमच घडलं.

‘बँडिकूटिंग’ म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या खेडवळ बोलीतलं क्रियापद. रात्री शेतात शिरून बटाट्याचं झाड न उपटता हाताने बाजूने माती उकरायची, बटाटे काढून घ्यायचे आणि वरचा पाला तसाच उभा ठेवायचा. मालकाला काढणीच्या दिवशीच कळतं.

सिडनीत आमच्या लॉनवर रोज सकाळी खड्डे दिसतात. बँडिकूट असेल का?

खड्डा नरसाळ्याच्या आकाराचा, वर रुंद आणि खाली टोकदार, माती एका बाजूला उडालेली, असा असेल तर बहुधा तोच. तो नाक जमिनीला लावून वास घेतो, पुढच्या नखांनी उकरतो आणि लांब नाक आत खुपसून अळी काढतो. उंदराचं बीळ आत बोगद्यासारखं जातं, हा खड्डा चार-पाच बोटांवर संपतो. पावसानंतर अळ्या वर येतात तेव्हा खड्डे वाढतात.

हिरवळीची मुळं खाणाऱ्या अळ्याच तो संपवतो, म्हणून काही आठवडे सोसा. खड्डे पायाने दाबून बुजवता येतात. या उकरण्याने जमिनीत पाणी आणि हवा मुरते. पर्थजवळच्या एका अभ्यासात एक क्वेंडा वर्षाला जवळपास चार टन माती उलथतो असं दिसलं.

त्याला पकडू नका, मारू तर नकाच, तो कायद्याने संरक्षित आहे. उंदरांचं औषध आणि गोगलगायींच्या विषारी गोळ्या अंगणात टाकू नका. मांजर रात्री घरात ठेवा, कुत्रं मोकळं सोडू नका. भाजीचे वाफे वाचवायचे असतील तर बारीक जाळी जमिनीत थोडी खोल पुरून लावा. जखमी दिसला तर तुमच्या भागातल्या वन्यजीव बचाव संस्थेला फोन करा. मादी मेलेली आढळली तरीही करा, पिशवीत पिल्लं जिवंत असू शकतात.